किल्ला बघायला आलोय, हिशेब द्यायला नाही

दापोलीहून नोकरीसाठी अमरावतीला आलो, त्याला आता सहा वर्षं होतील. कोकणातल्या माणसाला वऱ्हाडचा उन्हाळा झेपत नाही. म्हणून आम्ही घरात एक शिरस्ता पाडला. मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज झाली की डबा घेऊन निघायचं, ऊन तापायच्या आत जमेल तेवढं बघायचं आणि मग सावली गाठायची. चिखलदरा, गाविलगड, अचलपूरचा हौज कटोरा, अकोट तालुक्यातला नरनाळा, अकोल्यापलीकडचं बाळापूर असं करत बरंच फिरून झालं. रेशनकार्डावर पत्ता बदलला म्हणून गाव आपलं होत नाही, ते पायाखालून जावं लागतं.

या फिरण्यात दोन प्रश्न मात्र पाठ सोडत नाहीत.

पहिला बाहेरचा. गाविलगडावर एका पर्यटकाने माझी दाढी आणि बायकोचा बुरखा बघून हसत विचारलं, "तुमच्याच लोकांचा ना हा किल्ला?" मी उत्तर दिल्यावर म्हणाला, "मराठी छान बोलता हो!" दापोलीत जन्मलेल्या माणसाने यावर काय बोलावं?

दुसरा घरचा. नात्यातले एक मामू फोनवर दरवर्षी सुनावतात, "पोरींना घेऊन किल्ल्यात अन् जंगलात काय फिरतोस? त्यापेक्षा उर्साला जा, सवाब तरी मिळेल."

आधी त्या पर्यटकाला उत्तर देतो. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशाह वलीने १४२५ मध्ये बांधला असं सांगतात. पुढे त्याची डागडुजी केली फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने. हा फतहुल्ला मूळचा ब्राह्मणाचा मुलगा. विजयनगरशी झालेल्या लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे वाढला आणि १४९० मध्ये इथला सुलतान झाला. गडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. नरनाळ्याच्या ज्या दरवाजावर १४८७ सालचा अरबी अक्षरांतला शिलालेख आहे, त्याला सगळे महाकाली दरवाजा म्हणतात. बाळापूरचा किल्ला १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाबाने पुरा केला आणि त्याच गावात नदीकाठी मिर्झा राजा जयसिंगाची छत्री उभी आहे. आता यात 'तुमचे लोक' कोणते आणि 'आमचे' कोणते, हे त्या गृहस्थांनी मला वेगळं करून दाखवावं.

पण खरं सांगू? हा पुरावा पुढे करायचाही मला आता कंटाळा येतो. सुलतान ब्राह्मणाचा मुलगा होता म्हणून मला गडावर जायची मुभा मिळणार आहे का? तो इराणहून आला असता तर मी खालूनच परत फिरायचं होतं का? ना तो माझा आजोबा, ना अचलपूरचा नवाब माझा चुलता. माझे वाडवडील दाभोळच्या खाडीत होड्या वल्हवत होते. त्यांना कुणी जहागिरी दिली नाही. राजांच्या लढायांचा हिशेब माझ्याकडे मागू नका आणि त्यांच्या वैभवाचं श्रेयही मला देऊ नका. आपल्यातले काहीजण 'हमारे बुजुर्गों की निशानी' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर किल्ल्यांचे फोटो फिरवतात. त्यांनाही हेच सांगणं आहे. निशानी वाटते ना, मग एकदा चढून जा आणि येताना वेफर्सची पाकिटं खाली आणा.

आता मामूंना. मामू, मी दर्ग्यातही जातो. अचलपूरला दूल्हा रहमान शाहांच्या दर्ग्यात फातेहा पढूनच पुढे चिखलदऱ्याचा घाट चढलो. पण जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचं काय झालं ते बघा, हे कुरआनच वारंवार सांगतं. मग पडका किल्ला बघणं फुकटचं कसं? आणि तुमचा खरा आक्षेप पोरींवर आहे, हे मला कळतं. आपली पोरं मोटारसायकली काढून चिखलदऱ्याला जातात, तेव्हा तुम्ही फोन करत नाही.

नरनाळ्याच्या त्या दरवाजासमोर माझी थोरली मुलगी बराच वेळ उभी होती. मकतबात शिकलेली अक्षरं ती दगडावर शोधत होती. दोन-चार सापडली तशी तिने धाकटीला हाक मारली. शेजारी अकोटकडची एक आजी नातवाला घेऊन आली होती. तिने विचारलं, "काय लिवलं हाय वं माय?" मुलगी म्हणाली, "सगळं नाही येत वाचता, आजी." मग तिघी-चौघं मिळून वर बघत राहिली. कोण कुठले, हे तिथं कुणी विचारलं नाही.

मला एवढंच हवं आहे. तिकीट असेल तिथं तिकीट काढून, डबा बांधून, बायको-मुलींना घेऊन आपल्याच मुलखात फिरता यावं आणि त्यासाठी कुणाला वंशावळ दाखवावी लागू नये. तुम्हीही या मे महिन्यात मुलींना घेऊन निघा. पहाटेच निघा, अकराच्या पुढे दगड तापतो.