मान टाकलेली रोपे

पावसाळ्यात वाचक भगिनींची एक तक्रार ठरलेली असते: "दुकानदाराने बी खोटे दिले." दारापुढच्या वाफ्यात झिनिया, झेंडू, तेरडा पेरला; निम्मे उगवलेच नाही आणि उगवले त्यानेही आठवडाभरात मान टाकली. मग रोप तहानले असेल म्हणून आणखी तांब्याभर पाणी! आमच्या मते बियांपेक्षा या तांब्यानेच जास्त रोपे मरतात.

पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर तहान खरी. माती ओली आणि रोप आडवे, तर ते अलगद उपटून जमिनीलगतचा देठ पाहावा. देठ सुरीने कापल्यासारखा तुटला असेल तर ते रात्री कुरतडणाऱ्या अळीचे काम. पण तो शिजल्यासारखा मऊ, तपकिरी आणि दोऱ्याएवढा बारीक झाला असेल तर हा मर रोग समजावा. पिथियम, रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशी तो आणतात. पिथियमचे बीजाणू तर ओल्या मातीतल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. कधी बी मातीतच कुजते, आणि दोष बिचाऱ्या दुकानदारावर येतो.

कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते भोवतालच्या मातीसकट काढून फेकावे, खताच्या खड्ड्यात टाकू नये. शेजारची रोपे वाचवायला कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरभर पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम मिसळून मुळाशी ओतावे. डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

खरा इलाज मात्र पेरणीआधीचा. एप्रिल-मेच्या उन्हात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरावे, कडा मातीत दाबाव्यात आणि 4 ते 6 आठवडे तसेच ठेवावे. काळे प्लास्टिक नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. वाफा जमिनीपासून वीतभर उंच असावा. बियांना ट्रायकोडर्मा चोळावा. शेतकरी किलोला 4-5 ग्रॅम घेतात, आपल्या पुडीला चिमूटभर पुरे. बी विरळ टाकावे. पुडी संपवायचीच म्हणून दाट पेरले की रोपांत वारा खेळत नाही. पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी नको. चार खरी पाने येऊन देठ टणक झाला की या रोगाची भीती बरीच कमी होते.