निवडणुका वारंवार होऊ द्या, पैसेवाटपाच्या घोषणांना आधीच लगाम घाला

लोकसभा आणि विधानसभा एकत्र घेण्यासाठीचे १२९वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि मग संयुक्त संसदीय समितीकडे गेले. सारख्या निवडणुकांनी कामे खोळंबतात, पैसा उधळला जातो, सवंग घोषणा होतात, असे समर्थक म्हणतात. या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही महाराष्ट्राचा २०२४चा अनुभव पाहता हा उपाय मला मतदाराच्या तोट्याचा वाटतो.

१. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. २० मेला कांदा पिकवणाऱ्या नाशिक व दिंडोरीत लोकसभेचे मतदान झाले आणि या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. राज्यातल्या ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. विधानसभा तोंडावर होती. १३ सप्टेंबरला किमान निर्यातमूल्य गेले, शुल्क निम्म्यावर आले. पुढची निवडणूक पाच वर्षांवर असती तर शेतकऱ्याचे म्हणणे इतक्या लवकर दिल्लीला पोचले असते, असे मला वाटत नाही.

२. लोकसभा ते विधानसभा या सहा महिन्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकसभेचा निकाल ४ जूनचा, राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेची घोषणा २८ जूनची. ऑगस्टपासून महिना १,५०० रुपये महिलांच्या खात्यात पडू लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्तेही आचारसंहितेआधीच जमा झाले. १४ ऑक्टोबरला मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली. प्रचारही बोलीवर आला: सत्ताधारी महायुती २,१०० म्हणाली, महाविकास आघाडी ३,०००. सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते, तो विषय मागे पडला. मतदान लोकसभेच्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६वर गेले आणि भाजप, शिंदेंची शिवसेना व अजित पवारांची राष्ट्रवादी यांनी मिळून २३० जागा जिंकल्या.

पण पुढे काय झाले? मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात २,१०० नव्हते. त्याआधीच लाखो बहिणी छाननीत अपात्र ठरल्या होत्या. मत देऊन झाल्यावर बाईच्या हातातले वजन किती उतरते, ते इथे दिसले. एकत्र निवडणुकांनी हे वजन पाच वर्षांतून एकदाच हाती येईल.

३. कामे खोळंबतात ती आचारसंहितेच्या लांबीमुळे. लोकसभेची १६ मार्च ते ६ जून, म्हणजे जवळपास पावणेतीन महिने चालली, कारण राज्यात पाच टप्प्यांत मतदान होते आणि देशात सात. विधानसभा एका दिवसात उरकली. घोषणेपासून निकालापर्यंत चाळीस दिवस. टप्पे कमी करा. त्यासाठी राज्यघटनेला हात लावायची गरज नाही.

४. एकत्र मतदान झाले तर लोक डोळे झाकून एकाच चिन्हावर शिक्का मारतील, ही भीती मी तितकी मानत नाही. १९९९ला महाराष्ट्रात दोन्ही मतदाने एकत्र झाली. लोकसभेच्या २८ जागा सेना-भाजपला गेल्या, विधानसभेत मात्र युती १२५वर थांबली आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. (काँग्रेस आणि राष्ट्रवादी तेव्हा वेगवेगळे लढले होते, हेही खरे.) मतदाराला फरक कळतो. माझी हरकत दोन मतदानांमधल्या लांबणाऱ्या काळाला आहे. शिवाय विधेयकानुसार विधानसभा मध्येच बरखास्त झाली, तर नवे सभागृह फक्त उरलेल्या मुदतीपुरते.

५. मतदानाशिवायचा काळ कसा असतो, ते शहरांनी पाहिले आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. नाला तुंबला तर धरायला नगरसेवक नव्हता, मते मागायला कोणी दारात येत नव्हते. स्थानिक निवडणुका घ्या, हे शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

६. रोग आहे तो घोषणांच्या वेळेत. आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्यावर लागते आणि तोवर तिजोरी मोकळी असते. सभागृहाची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत खात्यात पैसे देणारी नवी योजना आणता येणार नाही, एवढा कायदा करा. आपल्या खासदाराला या विधेयकावर त्याचे मत काय, आणि अशा कायद्याला त्याचा पाठिंबा आहे का, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारा.