जुन्या जीपला टायर हवेत

भोसरीत किंवा चाकणला टायरच्या दुकानात ‘सहाशे-सोळा’ मागितला, की दुकानदार आधी विचारतो, “ट्रॅक्टरला ना?” त्याचं चुकत नाही. ६.००-१६ हे माप आज बहुतेकांना ठाऊक आहे ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं म्हणून. पण दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं मापही हेच. पुढे महिंद्राच्या सीजे-३बीलाही हेच टायर लागत. लष्कराच्या लिलावातून आलेली, नाहीतर आजोबांनी शेतीसाठी घेतलेली जीप अजून सांभाळून असलेली घरं आपल्या मावळ-खेडात आहेत. त्यांना टायर घ्यायची वेळ आली, की समोर येतो तो ट्रॅक्टरचा टायर. तो रिमवर बसतो, हवा धरतो, किमतीला परवडतो आणि दिसायलाही जुन्या वळणाचा असतो.

तो घेऊ नका, हे मला या आठवड्यात कळकळीनं सांगायचं आहे. त्या टायरच्या बाजूवर ए६ किंवा ए८ अशी खूण असते. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर आणि ए८ म्हणजे ४०, यापुढचा वेग त्या टायरसाठी नाहीच. पुणे-नाशिक रस्त्यावर राजगुरुनगरच्या पुढे मोकळा पट्टा मिळाला, की जीप सहज साठला जाते. तिथे हा टायर आतून तापत राहतो, बाहेरून काही कळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याकडच्या साध्या, मागच्या दोनच चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला ना इंजिनचा जोर मिळतो, ना ब्रेक असतो. त्याचं काम फक्त वळणं. म्हणून त्याच्यावर सरळ उभ्या धारा असतात, नांगरटीत बाजूला न घसरता दिशा धरायला. जीपचं उलट आहे. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर झुकतं आणि ओल्या डांबरावर गाडी थांबवायची ती मुख्यतः त्याच चाकांनी. त्या उभ्या धारांकडून ही अपेक्षा करता येत नाही.

दुसरा मोह रुंद टायरचा. जीपला थारसारखं रूप द्यायचं म्हणून जाड, खडबडीत टायर बसवले जातात. जीपची मूळ रिम साडेचार इंच रुंद. २१५/७५ आर १५ या टायरला किमान साडेपाच इंची रिम लागते, म्हणजे रिमही बदलणं आलं. एवढं करून टायरची उंची भरते सुमारे ७०३ मिलिमीटर. जुन्या टायरची उंची ७३०च्या आसपास होती. फरक किरकोळ वाटतो, पण जुन्या जीपचे गिअर मुळातच बैठे असतात. साठच्या वेगाला आधीच ओरडणारं इंजिन लहान चाकावर आणखी ओरडतं आणि वेगाचा काटा खरा राहत नाही. उंचीनं जवळचं रेडियल माप हवं असेल तर १८५/८५ आर १६ बघावं, ते ७२१ मिलिमीटर भरतं. दिसायला साधं आहे, अरुंद आहे, आणि जीपला शोभतंही. ट्यूब मात्र रेडियलची घ्यावी.

चारही टायर एकदम बदलावेत, हे खर्चिक असलं तरी खरं आहे. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधला वेगाचा फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसतो. फोर बाय फोर लावलं आणि पुढे जुन्या घडणीचा नायलॉन टायर, मागे रेडियल अशी वेगळी उंची असली, तर तो ताण थेट गिअरांवर जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एखादा ‘न वापरलेला’ जुना टायर हाती लागला, तर आधी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. नक्षी शाबूत असते आणि बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात.

बाहेर देशात हा प्रश्न सुटलेला आहे. अमेरिकेत कोकर टायर ही कंपनी १९५८पासून या व्यवसायात आहे आणि जुन्या वळणाचे टायर नव्यानं बनवून विकते. मिशेलिन आणि पिरेली जुन्या मोटारींसाठी वेगळे टायर काढतात. ते मागवावेत म्हटलं, तर जून २०२०पासून नव्या टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत आहे, परवाना लागतो, शिवाय आयएसआयचा शिक्का हवा. एक जीप बाळगणाऱ्या माणसानं हे कसं करायचं?

आणि हे कुठे घडतंय? जिथे ब्रिजस्टोनचा कारखाना आहे त्या चाकणमध्ये. जिथे महिंद्रा १७ आणि १८ इंची चाकांच्या गाड्या बनवते, वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआयची प्रयोगशाळा आहे, नाशिक फाट्याला सीआयआरटी ही तशीच संस्था आहे, त्या पट्ट्यात. केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, चासी आणि इंजिन मूळचं हवं. गाडी वारसा म्हणून मान्य केली, पण ती सुरक्षित उभी राहावी म्हणून टायरची सोय कोणीच केली नाही.

माझं मागणं मोठं नाही. देशात ६.००-१६ ट्रॅक्टर टायर बनवणाऱ्या कारखान्यांकडे त्या मापाचा टायर बांधायची सोय आहेच. बदलायचा तो साचा, रबराचं मिश्रण, आतली घडण आणि चाचणी. वर्षातून एकदा नोंदणी घ्यावी, पैसे आगाऊ घ्यावेत आणि एकच खेप काढावी. जीपवाल्यांच्या क्लबांनी मागणी एकत्र करून द्यावी, ते आनंदानं करतील. आणि ‘व्हीए’ नोंदणी असलेल्या गाडीच्या मालकाला वर्षाला पाच टायर परवान्याविना आणता यावेत, एवढी सवलत विदेश व्यापार महासंचालनालयानं द्यावी. चार चाकांचे चार, एक स्टेपनीचा.