आयतें आणि स्वरचित

संगणकावर आंकडेमोड करण्याकरितां ‘मॅटलॅब’ व ‘ऑक्टेव्ह’ या भाषा वापरतात. कांहीं अंक दिले असतां ठराविक रीतीनें उत्तर काढून देणारी जी नांव दिलेली कृति, तिला या भाषांत ‘फंक्शन’ म्हणतात. बेरीज करणारें ‘सम’, सरासरी काढणारें ‘मीन’ अशीं कित्येक फंक्शनें आयतींच मिळतात. शिवाय आपल्या गरजेचें नवें फंक्शनही रचतां येतें. यावर पालक सहजच विचारतील कीं, आयतें मिळत असतां मुलांनीं तेंच पुन्हां रचण्यांत वेळ कां दवडावा?

हा प्रश्न गैर नाहीं. आयतें फंक्शन पुष्कळांच्या वापरांतून तावूनसुलाखून निघालेलें असतें. परंतु एक लहानसें उदाहरण पाहावें. तीन मुलांचे गुण ४, ६ व ८ आहेत. सरासरी ६, अंतरांच्या वर्गांची बेरीज ८. तिला तिहींनीं भागून वर्गमूळ काढल्यास प्रमाण विचलन सुमारें १.६३ येतें. आयतें ‘एसटीडी’ मात्र २ हें उत्तर देतें! यंत्र चुकलें काय? मुळींच नाहीं. हे गुण मोठ्या समूहांतील नमुना होत, असें गृहीत धरून तें तिहींऐवजीं दोहोंनीं भागतें. ज्यानें हें फंक्शन एकदां स्वतः रचलें, त्याच्या हा भेद तत्काळ ध्यानांत येतो. इतरांस पडद्यावरील कोणतेंही उत्तर खरेंच वाटतें.

दुसरें असें कीं, आजचें आयतें हें काल कोणीतरी रचलेलेंच असतें. क्लीव्ह मोलर यांच्या १९८१ सालच्या मॅटलॅबमध्यें राखीव शब्द व फंक्शनें मिळून अवघीं ७१ होतीं. नवें जोडावयाचें तर फोर्ट्रान भाषेंतील मूळ लेखनालाच हात घालावा लागे. १९८४ सालीं व्यापारी आवृत्ति निघाली, तींत वापरणाऱ्यानें लिहिलेली फाइलच नवें फंक्शन होऊं लागली. ऑक्टेव्हमधील ‘मीन’ व ‘एसटीडी’ हीं तर त्याच भाषेंत लिहिलेलीं असून कोणासही उघडून वाचतां येतात.

म्हणून माझें मत असें कीं, विद्यार्थ्यानें मुख्य फंक्शनें एकेकदां स्वहस्तें रचावीं, लहान उदाहरण कागदावर सोडवून ताळा पाहावा आणि मग आयतें खुशाल वापरावें. स्वरचितास नांव मात्र निराळें द्यावें. ‘सम’ हेंच नांव दिल्यास मूळचें ‘सम’ झांकलें जातें. पाढे पाठ असणाऱ्यालाच कोष्टकांतील चूक दिसते. आयत्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु आयत्यावर विसंबून आपली बुद्धि गहाण ठेवूं नये.