तीन आठवड्यांचा पंतोजी

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला चारपाच मंडळी जमली होती. आदल्याच दिवशी माझ्या भाचीशी फोनवर बोलणे झाले होते. ती अमेरिकेत युटा राज्यात असते. तिच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी धर्मप्रचारक म्हणून निघाला असून प्रोव्हो गावच्या शिक्षणकेंद्रात पहाटेपासून रात्रीपर्यंत व्हिएतनामी भाषा घोकतो आहे, असे तिने सांगितले. हा मॉर्मन पंथाचा रिवाज. कुठे जायचे हे मुलाने ठरवायचे नसते. पंथ सांगेल तिकडे जायचे आणि सांगेल ती भाषा शिकायची. ह्या मुलाला तर व्हिएतनामलाही जायचे नव्हते. १९७५ नंतर निर्वासित होऊन जी व्हिएतनामी कुटुंबे कॅलिफोर्नियात वसली, त्यांची दारे त्याला ठोठवायची होती. मी हे सारे कौतुकाने सांगितले.

आमचे एक जुने स्नेही चकली मोडता मोडता म्हणाले, "कौतुक कसले त्यात? कोळी गळाला गांडूळ लावतो, हे भाषा लावतात."

सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच मला नंतर खटकले. घरी आलेल्या पाहुण्याशी फराळाच्या ताटावर वाद घालू नये म्हणून त्या वेळी गप्प बसलो. आता वर्ष लोटले आहे. तेव्हा भांडण कागदावर मांडायला हरकत नाही.

आधीच सांगतो, मी धर्मांतराचा वकील नाही. माझा देव मला पुरेसा आहे आणि दुसऱ्याचा देव बदलायला जाण्याची हौस मला कधी कळलेली नाही. परंतु गळाचा दृष्टांत खोटा आहे. गांडूळ लावताना कोळ्याचे काही जात नाही. परकी भाषा शिकणाऱ्याला मात्र आधी स्वतःची फजिती मोजून द्यावी लागते. तीही व्हिएतनामीसारखी भाषा! तिच्यात शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. 'मा' हा एकच उच्चार घ्या. सपाट म्हटला तर भूत. सूर खाली सोडला तर 'परंतु'. वर चढवला तर गाल. वळवून म्हटला तर थडगे. मध्येच तोडून वर नेला तर घोडा. आणि खाली दाबून टाकला तर भाताचे रोप. आपल्याकडे सूर चुकला तर गाणे बिघडते. तिथे वाक्य बिघडते.

ही फजिती आजची नाही, चारशे वर्षांची आहे. इटलीचा फ्रान्चेस्को बुझोमी हा जेझुइट पाद्री १६१५ साली व्हिएतनामच्या मध्यभागातील किनाऱ्यावर उतरला. त्या मुलुखाला युरोपीय लोक कोचिन-चीन म्हणत. भाषा येत नव्हती, म्हणून दुभाष्यांवर काम चालले होते. एकदा बाजारात नाटक चालले होते. पोर्तुगीज वेषातला, पोटाला भलीथोरली ढेरी बांधलेला एक नट एका पोराला विचारी, "बाळा, पोर्तुगिजाच्या पोटात शिरतोस का?" पोर हो म्हणे आणि त्या ढेरीत शिरे. लोक पोट धरधरून हसत. बुझोमीच्या कानावर ते वाक्य पडले आणि तो चपापला. 'ख्रिस्ती होतोस का' असे विचारण्यासाठी दुभाष्यांनी घालून दिलेले वाक्य ते हेच! इतके दिवस पाद्री लोकांना धर्मात बोलावत होते आणि लोक ऐकत होते ते पोटात शिरण्याचे आमंत्रण. क्रिस्तोफोरो बोर्री नावाच्या त्यांच्याच एका सहकाऱ्याने ही हकीकत १६३१ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आपल्याच माणसांची अशी नाचक्की छापायला धैर्य लागते, एवढे तरी आमच्या स्नेह्यांनी कबूल करावे.

दुभाष्याची कुबडी पहिल्यांदा फेकली ती फ्रान्सिस्कु द पिना ह्या पोर्तुगीज पाद्र्याने. तो १६१७ साली तिथे गेला आणि सूर लावून बोलायला शिकला. रोमन अक्षरांवर सुरांच्या खुणा घालून ती भाषा लिहिण्याची खटपट त्याने चालवली. पण १६२५ साली तो समुद्रात बुडून मेला. त्याच्या मृत्यूपूर्वी वर्षभर आधी त्याच्या हाताखाली एक तरुण येऊन दाखल झाला होता. आलेक्सांद्र द रोड. फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावचा. आपल्याला तो अगदीच परका नाही. लिस्बनहून निघून १६१९ साली तो उतरला गोव्यात, आणि अडीच वर्षे तिथे राहिला. गोव्यात धर्म बदललेल्या लोकांना कपडेही पोर्तुगिजांसारखे घालायला लावतात, हे त्याला पटले नाही. तसे त्याने पुढे लिहिलेही. त्याला जायचे होते जपानला. त्यासाठी मकावमध्ये बसून जपानी शिकला. परंतु जपानने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला होता, दारे बंद झाली होती. म्हणून त्याला कोचिन-चीनला धाडण्यात आले.

हा द रोड प्रांजळपणे सांगतो की तिथल्या लोकांचे, विशेषतः बायकांचे, बोलणे कानावर पडले तेव्हा ती पाखरांची किलबिल वाटली, आणि ही भाषा आपल्याला जन्मात येणार नाही असे म्हणून त्याने हाय खाल्ली. त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी तर दिवाळीच्या फराळाबरोबर सांगण्यासारख्या आहेत. एका पाद्र्याने नोकराला मासळी आणायला पाठवले. मासळी म्हणजे 'का', चढत्या सुरात. त्याचा सूर उतरला आणि नोकर टोपलीभर वांगी घेऊन आला. (गळाचा दृष्टांत देणाऱ्या आमच्या स्नेह्यांना ही गोष्ट अर्पण. मासा धरायला गेले आणि वांगी हाती आली!) दुसऱ्या एकाने बांबू तोडायला सांगितले. बांबूला 'त्रे' म्हणतात. तोच शब्द सूर वळवून म्हटला तर मुले. घरातली पोरे 'मुले कापा' असा हुकूम ऐकून जीव घेऊन पळाली. त्यांची समजूत घालता घालता पुरेवाट झाली म्हणतात.

मग ही भाषा द रोडला शिकवली कोणी? पिनाने काही शिकवली, हे खरे. पण सूर शिकवले ते तिथल्याच एका लहान मुलाने. तीन आठवड्यांत. ह्याला त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्याची येत नव्हती. पाद्री एक आवाज काढी. मुलगा मान हलवून तोच शब्द पुन्हा म्हणून दाखवी. पाद्री पुन्हा प्रयत्न करी. असे चाललेले मला डोळ्यांसमोर दिसते. एक तिशी ओलांडलेला, रोममध्ये शास्त्रे शिकलेला माणूस, आणि त्याच्यासमोर हा पंतोजी! सहा महिन्यांच्या आत द रोड त्या भाषेत प्रवचन देऊ लागला. मुलगाही मधल्या वेळात रोमन अक्षरे लिहायला-वाचायला शिकला.

पुढे तो मुलगा ख्रिस्ती झाला, प्रचारक म्हणून लाओसपर्यंत गेला, आणि त्याने नाव घेतले राफाएल द रोड. आपल्याकडे शिष्य गुरूचे नाव लावतो. इथे गुरूने शिष्याचे आडनाव लावले! आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव काय होते, ते द रोडच्या हकीकतीत नाही. माझा खरा राग आहे तो इथे.

कारण आमच्या स्नेह्यांसारखे एका बाजूला, तसेच दुसऱ्या बाजूला ह्या पाद्र्याचे आरतीवाले आहेत. ते म्हणतात, द रोडने व्हिएतनामला लिपी दिली. १६५१ साली रोममध्ये त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला गेला, हे खरे. आज सारा व्हिएतनाम ज्या रोमन लिपीत लिहितो तिचा तो पाया. परंतु त्या कोशाच्या प्रस्तावनेत द रोड स्वतःच सांगतो की गास्पार दु आमाराल आणि आंतोनियु बार्बोझा ह्या दोघा सहकाऱ्यांच्या कोशांचा त्याने उपयोग केला, आणि बाकीचे बारा वर्षे देशी लोकांच्या तोंडून शिकला. म्हणजे आरती ओवाळणाऱ्यांपेक्षा देव अधिक प्रामाणिक! शिवाय दोनशे वर्षे ती लिपी चर्चच्या आवारातच राहिली. फ्रेंच राज्यकर्त्यांनी ती आपल्या सोयीसाठी कचेरीत आणली, आणि त्याच फ्रेंचांविरुद्ध उभ्या राहिलेल्यांनी ती आपली केली. १९४५ साली हो चि मिन्ह ह्यांच्या सरकारने निरक्षरतेविरुद्ध मोहीम काढली ती ह्याच लिपीतून. लिपी कोणी दिली ह्यापेक्षा ती कोणी घेतली, हे मला मोठे वाटते. तरीही दानांग शहरात २०१९ साली पिना आणि द रोड ह्यांची नावे दोन रस्त्यांना देण्याचे ठरत होते, तेव्हा विद्वानांत वाद माजला आणि तो बेत मागे पडला. त्या मुलाचे नाव रस्त्याला द्यावे असे म्हणणारा कोणी निघाल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता जरा घराजवळ या. द रोड गोव्यात उतरला त्याच १६१९ साली फादर स्टीफन्स तिथे वारले. इंग्रज माणूस, पण त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे. १६१६ साली ते राशोलला छापले गेले. आणि त्याच गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी आपली बोली टाकावी, तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकावी. सत्ता हाती असलेल्याला दुसऱ्याच्या ओसरीवर विद्यार्थी होऊन बसण्याचा कंटाळा येतो, तेव्हा असे हुकूम निघतात. मला तो व्हाइसरॉय आणि बांबूऐवजी मुले कापायला सांगणारा पाद्री एका मापाने मोजता येत नाहीत. एकाने फजिती पत्करली. दुसऱ्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधली.

युटाचा तो मुलगा आता कॅलिफोर्नियात आहे. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "चाओ बा." बाईंना 'बा' म्हणताना सूर खाली सोडायचा असतो, ह्याने सपाट म्हटले, आणि दक्षिण व्हिएतनामात त्याचा अर्थ होतो बाबा. म्हातारी खदखदून हसली. पण दार लावले नाही. ओसरीवर उभे करून तिने त्याच्याकडून तो शब्द बरोबर येईतोवर म्हणवून घेतला. भाची सांगते, अजून तो दर आठवड्याला तिथे जातो. म्हातारी त्याचा धर्म घेत नाही, आणि त्याचा एकही चुकलेला सूर सोडत नाही. कोण कोणाच्या गळाला लागले, ते स्नेह्यांनी सांगावे.

आणि आम्ही? आमच्या वरच्या मजल्यावर मदुराईकडचा एक तरुण राहतो, बँकेत बदलून आलेला. आला तेव्हा वहीत मराठी शब्द लिहून घेई. गेल्या दिवाळीत तोही फराळाला होता. सौभाग्यवतींना म्हणाला, "मावशी, तुमचा चकली फार चांगला झाला." सगळे हसले, मीच सर्वांत मोठ्याने. मग सौभाग्यवती त्याच्याशी हिंदीत बोलू लागल्या, त्याची पंचाईत होऊ नये म्हणून. गळाचा दृष्टांत देणारे स्नेहीही हिंदीतच बोलले. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ह्याच गृहस्थांनी पेढे वाटले होते, आणि बाहेरून येणारे मराठी शिकत नाहीत ही त्यांची तक्रार मी वीस वर्षे ऐकतो आहे. त्या रात्री 'झाला' नव्हे 'झाली', एवढे दोन शब्द सांगायला आमच्यात एकही शहाणा माणूस नव्हता.

परवा मी त्याला जिन्यात गाठले. म्हटले, "रोज संध्याकाळी अर्धा तास खाली येत जा. चुकलास तर सांगेन."

तो संकोचून हसला आणि म्हणाला, "अंकल, अब तो आदत छूट गयी."

"तरी ये," मी म्हटले. वही आहे का विचारले, तर आहे म्हणाला. अजून आलेला नाही. चकलीची भाजणी दळून आली आहे. सौभाग्यवतींना सांगून ठेवले आहे की पहिला घाणा निघाला की मला हाक मारा, ताट मी स्वतः वर नेणार आहे.