कोंड्याला कमी लेखू नका!

मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला प्लेटवर उगवणारी काळी बुरशी आठवतेय? अ‍ॅस्परजिलस नायजर. जर्नलमध्ये आकृती काढायची, सही घ्यायची, विषय संपला! खरं तर तो तिथूनच सुरू व्हायला हवा.

राइस मिलमधला भाताचा कोंडा, गव्हाचा कोंडा, डाळमिलची चुणी हे सगळं आपल्याकडे पशुखाद्यात जातंच. पण त्यात एक गोची आहे. कोंड्यातला बहुतांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव तो मोकळा करतात. कोंबडीला मात्र ते फारसं जमत नाही. फॉस्फरस विष्ठेतून बाहेर पडतो आणि पोल्ट्रीवाल्याला खाद्यात वरून फॉस्फेट घालावं लागतं. म्हणजे विकत घेतलेलं पोषण थेट उकिरड्यावर!

हे कुलूप उघडणारं फायटेज एन्झाइम ही बुरशी तयार करते. कोंडा ओलसर करून वाफवायचा, थंड झाला की निवडक बुरशीचं विरजण लावायचं, तीसेक अंश तापमानाला दोन-चार दिवस ठेवायचं आणि वाळवायचं. जपानची कोजी आणि इंडोनेशियाचं टेम्पे अशाच पद्धतीने होतात. घरोघरी इडलीचं पीठ आंबवणाऱ्या आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही.

पण लगेच टाळ्या नकोत. ‘प्रोटीन वाढलं’ हा दावा नीट तपासा. बुरशी पिष्ट खाऊन वाढते, कोंड्याचं कोरडं वजन घटतं, त्यामुळे प्रोटीनची टक्केवारी आपोआपही चढते. वाळवण्याचा खर्च आहेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक बुरशी दोस्त नसते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते. ते खाद्यातून गाईच्या पोटात आणि तिथून दुधात उतरतं. म्हणूनच दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. ‘बुरशी लागलेली पेंडही चालते’ असा अर्थ कुणी काढला, तर फायद्याऐवजी नुकसानच होईल.

म्हणूनच हे काम जुगाडाचं नाही, लॅबचं आहे. आणि एकट्या लॅबचंही नाही. सुरक्षित बुरशी मायक्रोबायोलॉजीवाले निवडतील, स्वस्त सोलर ड्रायर इंजिनिअरिंगवाले बनवतील, कोंबड्यांवरच्या चाचण्या व्हेटरनरीवाले घेतील, किलोमागे खर्चाचा हिशेब कॉमर्सवाले मांडतील. आज मात्र प्रत्येक जण आपापला प्रोजेक्ट स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवतोय.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुशाखीय शिक्षणाचा गजर आहे. मग चार शाखांच्या मुलांनी मिळून केलेल्या अशा एका प्रोजेक्टला विद्यापीठाने पूर्ण क्रेडिट्स द्यायला काय हरकत आहे? तुम्हीही पुढच्या सेमिस्टरला विषय निवडताना नेटवरून तयार टॉपिक उचलण्याआधी जवळच्या राइस मिलमध्ये एक चक्कर मारा. कोंडा किती निघतो, कुठे जातो, काय भावाने जातो, एवढं विचारा. प्रोजेक्टचं पहिलं पान तिथेच लिहून होईल.