बेगमी निराळी, धास्ती निराळी

दिवाळीच्या तोंडावर वाण्याच्या दुकानात गर्दी झाली म्हणून कुणी दचकत नाही. रवा, बेसन, पोहे, साखर यांच्या पुड्या बांधता बांधता वाण्याचा जीव मेटाकुटीला येतो, पण ती गर्दी सणाची असते. तिच्यात ओळखी निघतात, 'यंदा भाजणी कशी केलीत?' अशी विचारपूस होते. याच दुकानात मी दुसऱ्या जातीची गर्दीही पाहिली आहे. तिच्यात कुणी कुणाशी बोलत नाही. जो तो शेजारच्याच्या पिशवीकडे पाहत असतो.

आम्हां कोल्हापूरकरांच्या वाट्याला अशी गर्दी आठ महिन्यांच्या आत दोनदा आली.

पहिली आली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुराबरोबर. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी चढले ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर वाहतूक ठप्प झाली. मालाचे ट्रक पलीकडे आणि आम्ही अलीकडे. पाणी उपसण्याची केंद्रेच बुडाल्यामुळे शहरातले नळ कोरडे पडले. नदी दाराशी आली आणि प्यायला पाणी नाही, असा देखावा आमच्या पिढीने तरी पाहिला नव्हता. दूध, भाजी, गॅस, पेट्रोल, सगळ्याचीच ओढ लागली.

आमच्या आळीतले एक गृहस्थ तीन तास रांगेत उभे राहून मोटारीची टाकी गच्च भरून आले. विजयी वीरासारखे घरी आले हो! ह्यांनी शांतपणे विचारले, "छान झालं. आता निघणार कुठे?" शिरोलीचा रस्ता बंद, नदीकाठच्या पेठांत नावा चाललेल्या! ती टाकी पुढे कित्येक दिवस भरलेलीच राहिली. माणसे सोडवायला धावणाऱ्या गाड्यांना मात्र त्याच दिवसांत थेंब थेंब इंधनाची गरज होती.

तरी तो तुटवडा खरा होता. रस्ताच नव्हता. दुसरा प्रसंग मार्च २०२० चा. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा! जीवनावश्यक वस्तूंची दुकाने चालू राहणार, हे सरकार सांगत होते. पण ऐकायला थांबतो कोण? भाषण संपायच्या आत लोक पायांत चपला अडकवून बाहेर पडले. या वेळी महामार्ग कोरडा ठणठणीत होता. देशाच्या सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. तरी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली साखर तासाभरात संपली. पहिल्या वेळी वाट पाण्याने अडवली होती. दुसऱ्या वेळी फळ्या रिकाम्या केल्या त्या आपल्या धास्तीने.

हे कसे होते, याचा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येईल. समजा, एका वाण्याकडे शंभर घरे बांधलेली आहेत आणि दर घराला आठवड्याला एक किलो साखर लागते. वाणी शंभर किलो साखर ठेवतो आणि आठवडा सुखाने जातो. आता एका संध्याकाळी प्रत्येकाने पाच किलो न्यायचे ठरवले, तर पहिली वीस घरे दुकान धुऊन नेतील आणि ऐंशी घरांना चिमूटभरही मिळणार नाही. साखर काही कमी झालेली नसते. ती फक्त वीस डब्यांत जाऊन बसलेली असते. गंमत अशी, की त्या वीस घरांत लबाड असा कुणीच नसतो. जो तो आपल्या लेकराबाळांचाच विचार करत असतो.

"मग आपल्या आज्या वर्षाचे धान्य भरत, ती साठेबाजीच का?" असे मला एका मैत्रिणीने विचारले. नाही बाई! ती बेगमी. चैत्र-वैशाखात ज्वारी-गहू बाजारात ओसंडत असत, भाव उतरलेले असत, तेव्हा आजी खरेदी करी. धान्याला ऊन दाखवायचे, कडुनिंबाचा पाला घालायचा, मिरच्या वाळवून वर्षाची चटणी कांडून आणायची. सुगीत घेतले की शेतकऱ्याचा माल उठतो, आणि पावसाळ्यात दुकानातल्या रांगेत आपण नसतो. तेवढीच दुसऱ्याला जागा. धास्तीची खरेदी नेमकी उलट. माल थोडा असतो तेव्हाच ती जास्त उचलते. पिशवी तीच, साखर तीच. घेण्याची वेळ तेवढी निराळी.

आता फ्लॅटमध्ये कोठीची खोली राहिली नाही. वाण्याचे दुकान हीच आपली कोठी झाली आहे, आणि ती सामाईक आहे, हे मात्र आपण विसरतो.

आमच्या वाण्याने ते ओळखले होते. पाडव्याच्या सकाळी त्याने दारात दोरी बांधली आणि सांगून टाकले, "एका घराला दोन किलो साखर, दोन किलो डाळ. मग कुनी बी असू द्या." एक ओळखीच्या बाई चिडल्या. "आम्ही रोख देतोय की! दर वाढवून घ्या हवं तर." तो म्हणाला, "वैनी, पैशाचा प्रश्न न्हाई वो. तुमच्या मागं कोन हुबं हाय, तेवढं बघा."

मागे आमच्या गल्लीतल्या चार घरी भांडी करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्यांची यादी कागदावर नव्हतीच. अर्धा किलो तांदूळ, पावशेर डाळ, वीस रुपयांचे तेल. रोजची कमाई रोज खाणाऱ्याला महिन्याचे सामान भरता येत नाही. त्यामुळे दुकान रिकामे झाले की पहिली चूल त्याचीच विझते. पुढे एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले, तो मोठा आधार झाला. पण त्या सकाळचा भात शिजला तो एका दोरीमुळे.

कोल्हापूरला ही रीत नवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू छत्रपतींनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती. ज्या राजाने १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवून व्यापाराला उत्तेजन दिले, त्यालाच वर्षभरात व्यापाराच्या भरवशावर सगळेच सोडून चालत नाही हेही दिसले. छत्रपतींनी संस्थानासाठी केले ते त्या वाण्याने एका गल्लीपुरते केले, इतकेच!

या दिवाळीत डबे भरा, मनसोक्त भरा. बाजार भरलेला आहे आणि भरल्या बाजारातून घेण्यात काही वावगे नाही. पुढे कधी पुन्हा पाणी चढेल, नाहीतर कुठली अफवा सुटेल, तेव्हा मात्र पिशवी काढण्याआधी स्वयंपाकघरातले डबे एकदा उघडून पाहावेत. मध्यमवर्गाच्या घरात बहुधा आठ-पंधरा दिवसांचे निघतेच. मग दुकानात जायचे झालेच, तर नेहमीइतकेच घ्यावे आणि पैसे देताना एकवार मागे वळून पाहावे.